रंगाखालचा रिव्हेट

अमेरिकी मालगाडीचा चाळीस फुटी बंद डबा ‘एचओ’ प्रमाणात घडवला, की त्याची लांबी जेमतेम १४ सेंटिमीटर भरते. एचओ म्हणजे खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशीवा हिस्सा. खऱ्या डब्याच्या पत्र्यावर रिव्हेटचे डोके १२ मिलिमीटर उचललेले असेल, तर या चिमुकल्या डब्यावर ते ०.१४ मिलिमीटर उरते. ब्रशने दिलेल्या रंगाचा एक जाड हातसुद्धा सहज ०.०५ मिलिमीटरचा होतो. शिवाय ओला रंग डोक्यावर ठरत नाही, तो ओघळून भोवतीच्या कोपऱ्यात साचतो. दुसरा हात बसला, तिसरा बसला, की रिव्हेटची रेखीव रांग नाहीशी होते आणि तिथे नुसती खडबड उरते. लाकडी फळ्यांच्या डब्यावर तर दोन फळ्यांमधली खाच आणखी बारीक असते. ती पहिल्या हातातच बुजते.

अमेरिकेत लघुरेल्वेच्या छंदींचे मेळावे भरतात. तिथे जुन्या मालाच्या टेबलांखाली खोकी ठेवलेली असतात आणि त्यांत अशा बुजलेल्या वस्तू खच्चून भरलेल्या असतात. चकचकीत लाल फासलेले मालडबे, हिरव्या रंगाने लडबडलेली स्थानके, खिडक्यांच्या चौकटी रंगात बुडालेली किराणा दुकाने. कोणा मुलाने सत्तर वर्षांपूर्वी आवडीने रंगवलेल्या, पुढे मालक बदलत गेलेल्या आणि आता कवडीमोलाने विकल्या जाणाऱ्या. बहुतेकांना त्या टाकाऊ वाटतात. पण रंगाच्या त्या थराखाली पोलादी साचा कोरणाऱ्या कारागिराचे काम बहुधा जसेच्या तसे शाबूत असते. शेंदराची पुटे उतरल्यावर मूळ मूर्तीचे नाक-डोळे दिसावेत, तसे रंग उतरल्यावर दाराच्या बिजागऱ्या, छपरावरची पायवाट, शिडीच्या पायऱ्या पुन्हा दिसू लागतात.

हा रंग काढायचा कसा, हे कळायला अवघड नाही. अवघड आहे ते प्लॅस्टिकला आणि काढणाऱ्याच्या फुफ्फुसांना इजा न होता काढणे. या कामात जो जोर करतो तो वस्तू गमावतो. जो क्रम पाळतो त्याला ती परत मिळते. या लेखात तो क्रम मांडायचा आहे, आणि प्रत्येक पायरीमागचे कारणही.

प्लॅस्टिक आले तेव्हा

दुसऱ्या महायुद्धापूर्वी अमेरिकेतला हा छंद लाकूड, पुठ्ठा, पितळ आणि ओतीव धातूवर चालत होता. विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरातून जानेवारी १९३४ मध्ये ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक सुरू झाले. त्याच शहरात १९३५ साली छंदींची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. रुळांमधले अंतर, चाकांचे माप यांची मानके या संघटनेने ठरवली, त्यामुळे एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर धावू लागला. डबे मात्र अजून तासून, कापून, चिकटवून करावे लागत, आणि ते सगळ्यांना जमणारे नव्हते.

युद्धानंतर वितळलेले पॉलिस्टायरीन दाबाने साच्यात भरण्याचे तंत्र खेळण्यांच्या उद्योगात रुळले आणि चित्र पालटले. फिलाडेल्फियाच्या बॅकमन कंपनीची मुळे १८३३ पर्यंत जातात. कंगव्यांपासून चष्म्यांच्या चौकटींपर्यंत अनेक वस्तू केल्यानंतर १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिने ‘प्लॅस्टिकव्हिल’ नावाची इमारतींची मालिका काढली. नाताळच्या झाडाखाली वर्तुळात फिरणाऱ्या खेळण्यातल्या आगगाडीभोवती उभे करायचे हे गाव: चर्च, शाळा, अग्निशमन केंद्र, पेट्रोल पंप, रेल्वे स्थानक. भिंती एकमेकींत खटकन बसत, गोंद लागत नसे. रंगही द्यावा लागत नसे, कारण तो प्लॅस्टिकमध्येच मुरलेला असे. पाठोपाठ १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅथर्न कंपनीचे एचओ प्रमाणातले प्लॅस्टिकचे डबे आले. निळ्या खोक्यात सुटे भाग, कवचावर कारखान्यातच छापलेली रेल्वे कंपनीची अक्षरे, आणि एका संध्याकाळी जुळून होणारा डबा. किंमत मुलांच्या खाऊच्या पैशांत बसणारी असल्याने हे डबे घराघरांत गेले.

मग ते रंगवले गेले. कोणाला आपल्या गावावरून जाणाऱ्या रेल्वेचा रंग हवा होता, कोणाला नुसता वेगळा. इलिनॉयमधल्या रॉकफर्ड शहरातल्या टेस्टर्स कंपनीच्या इवल्याशा काचेच्या बाटल्यांतले इनॅमल रंग मुलांच्या हाती होते. गंभीर छंदी फ्लोक्विल हा रंग वापरत. त्यातले रंगकण अतिशय बारीक दळलेले असल्याने हात पातळ बसे. पण त्यातले द्रावक इतके तीव्र होते की उघड्या पॉलिस्टायरीनच्या पृष्ठभागावर जाळीदार भेगा पडत. म्हणून आधी संरक्षक अस्तराचा एक हात द्यावा लागे आणि ते अस्तर कंपनी वेगळे विकत असे. पुढे पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग आले. २०१३ मध्ये फ्लोक्विलचे उत्पादन थांबले, तरी त्या रंगाने रंगवलेल्या वस्तू आजही फिरत आहेत. जुना डबा हाती येतो तेव्हा त्यावर यांतला कोणताही रंग असू शकतो, आणि एकावर एक तिन्हीही असू शकतात.

चिकटवणारा द्रव आणि विरघळवणारा द्रव

पॉलिस्टायरीन चिकटवायच्या पातळ ‘सिमेंट’चा गुण समजून घेतला, की या विषयातला मोठा धोका आपोआप कळतो. हे सिमेंट कागदाच्या डिंकासारखे दोन पृष्ठभागांमध्ये बसून राहत नाही. ते दोन्ही कडा किंचित विरघळवते, विरघळलेले प्लॅस्टिक एकमेकांत मिसळते, द्रव उडून जातो आणि सांधा एकजीव होतो. याचा अर्थ, ज्या द्रवांत पॉलिस्टायरीन विरघळते तेच द्रव त्याचे सिमेंट म्हणून चालतात. अ‍ॅसिटोन, मिथाइल इथाइल किटोन, टोल्युइन, झायलीन, इथाइल अ‍ॅसिटेट, डायक्लोरोमिथेन हे सगळे त्याच गोतावळ्यातले.

आता हार्डवेअरच्या दुकानातला ‘थिनर’ पाहा. त्यात टोल्युइन आणि त्याच्या जातीची द्रावके असतात. नेलपॉलिश काढायच्या द्रवात बहुधा अ‍ॅसिटोन किंवा इथाइल अ‍ॅसिटेट असते. दारे-खिडक्यांचा जुना तेलरंग उतरवणाऱ्या कित्येक पेस्ट वर्षानुवर्षे डायक्लोरोमिथेनवर चालत आल्या. धातूच्या जाळीवर किंवा लाकडावर हे सारे उत्तम काम करतात. प्लॅस्टिकच्या डब्यावर ते रंग उतरवतातच, पण त्यासोबत रिव्हेट, फळ्या आणि अखेरीस भिंतही उतरवतात. ‘नैसर्गिक’ या शब्दानेही फसू नये. संत्र्याच्या सालीपासून मिळणारे लिमोनिन हे पॉलिस्टायरीनचे चांगले द्रावक आहे. त्याचे मॉडेल-सिमेंटही मिळते. संत्र्याच्या तेलाचा स्वच्छक म्हणूनच या कामातून बाद.

उलट बाजूला अल्कोहोल, साबण, सौम्य अल्कली आणि ग्लायकॉल जातीचे द्रव आहेत. पॉलिस्टायरीन हे पाण्याशी सख्य नसलेले प्लॅस्टिक. हे द्रव पाण्याशी सख्य असलेले, त्यामुळे ते त्याच्या आत सहजी शिरत नाहीत. रंगाच्या पापुद्र्यात मात्र शिरतात, तो फुगवतात आणि त्याची प्लॅस्टिकवरची पकड सोडवतात. सुरक्षित रंग-उतरवणी या एका फरकावर उभी आहे: रंगाला पोचेल आणि प्लॅस्टिकला पोचणार नाही असा द्रव निवडायचा.

हे झाले पॉलिस्टायरीनचे. डब्यावर आणि इमारतीत इतरही प्लॅस्टिके असतात. काही इंजिनांची कवचे आणि इमारतींचे भाग एबीएस या चिवट प्लॅस्टिकचे असतात. त्याचे वागणे बरेचसे पॉलिस्टायरीनसारखे, पण तंतोतंत नाही. हातकांब्या, चाके, जोडण्या अनेकदा अ‍ॅसिटल किंवा नायलॉनच्या असतात. त्यांच्यावर रंग मुळातच धड बसत नाही. खिडक्यांच्या काचा पारदर्शक पॉलिस्टायरीनच्या किंवा अ‍ॅक्रिलिकच्या असतात, आणि अल्कोहोलने त्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडू शकतात. ब्रिटनमध्ये १९५० च्या सुमाराची काही खेळणी सेल्युलोज अ‍ॅसिटेटची होती. ते प्लॅस्टिक वयोमानाने आपसूक वाकते. त्याला कोणत्याही द्रवात बुडवणे म्हणजे जुगार.

म्हणून पहिला नियम असा: वस्तूच्या पोटात, तळाला किंवा जिथे नजर जाणार नाही अशा कोपऱ्यात एक थेंब ठेवायचा. दहा-पंधरा मिनिटांनी बोटाने पाहायचे. पृष्ठभाग चिकट झाला, चमक गेली किंवा पांढरट डाग उमटला, तर तो द्रव त्या वस्तूसाठी नाही. जुन्या संचाची साच्यातली सुटी काडी शिल्लक असेल तर ती रात्रभर बुडवून ठेवावी. इतकी स्वस्त आणि इतकी खात्रीची चाचणी दुसरी नाही.

काढावा की राहू द्यावा

रंग काढता येतो म्हणून तो काढलाच पाहिजे असे नाही. कारखान्यातून आलेला मूळ रंग आणि मूळ छपाई असलेला जुना डबा संग्राहकांच्या दृष्टीने त्या रंगासकट मोलाचा असतो. थोडा खरचटलेला असला तरी तो तसाच ठेवावा, कारण मूळ छपाई एकदा गेली की ती पुन्हा आणता येत नाही. एखाद्या नामांकित छंदीने स्वतःच्या हाताने रंगवलेला डबा हा तर इतिहासाचा कागद आहे. नुसती धूळ, तेलकटपणा किंवा सिगारेटच्या धुराचा पिवळा थर असेल, तर कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश एवढ्यावर काम भागते. अर्धेअधिक ‘खराब’ डबे या आंघोळीतच सुधारतात.

काढण्याजोगा रंग तो, ज्याने तपशील बुजवला आहे, जो पोपडे धरून सुटतो आहे, किंवा ज्याच्यावर नवा पातळ हात नीट बसणार नाही. प्लॅस्टिकव्हिलसारख्या इमारतींच्या बाबतीत तर काढल्यावर मिळणारा लाभ दुहेरी असतो. त्यांचा मूळ रंग प्लॅस्टिकमध्येच असल्याने वरचा रंग निघाला की इमारत कारखान्यातून निघाली तशी दिसते, पुन्हा रंगवावी लागत नाही.

फक्त अक्षरे बदलायची असतील तर पूर्ण डबा बुडवायची गरज नाही. कापसाच्या काडीवर थोडे अल्कोहोल घेऊन तेवढ्याच जागी हलक्या हाताने फिरवत राहिले, की छापील अक्षर बहुधा खालच्या रंगाच्या आधी सुटते. काडी सारखी बदलावी, नाहीतर सुटलेला रंग भोवती पसरतो.

सौम्याकडून तीव्राकडे

रंग कोणत्या जातीचा आहे याचा अंदाज कापसाच्या काडीने घेता येतो. अल्कोहोलने ओली केलेली काडी अर्धा मिनिट फिरवली आणि तिला रंग लागला, तर वरचा थर बहुधा अ‍ॅक्रिलिक आहे. काहीच झाले नाही तर इनॅमल असण्याची शक्यता जास्त. इनॅमल हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन घट्ट होते. एकदा ते पक्के झाले की ज्या द्रावकात ते मुळात पातळ केले होते, त्यातही पुन्हा विरघळत नाही. दशके उलटलेले इनॅमल म्हणून हट्टी असते.

पायऱ्या चढायच्या त्या या क्रमाने.

आयसोप्रोपिल अल्कोहोल हा या कामातला पहिला खरा सोबती. अमेरिकेत औषधांच्या दुकानात ते ७० आणि ९१ टक्के तीव्रतेचे मिळते. आपल्याकडे मोबाइल दुरुस्तीची दुकाने आणि इलेक्ट्रॉनिक मालाचे विक्रेते त्याला ‘आयपीए’ म्हणतात आणि ९९ टक्क्यांचे ठेवतात. ७० टक्क्यांचे काम संथ चालते. ९० च्या वरचे अ‍ॅथर्नसारख्या डब्यांवरचा कारखान्यातला रंग आणि बहुतेक अ‍ॅक्रिलिक रंग काही मिनिटांपासून काही तासांत सैल करते. हात धुण्याचा सॅनिटायझर त्याऐवजी चालत नाही, कारण त्यात ग्लिसरिन आणि घट्टपणा आणणारी द्रव्ये असतात.

दुसरी पायरी खास प्लॅस्टिकसाठी बनवलेल्या रंग-उतरवण्या द्रवांची. स्केलकोट या रंगाच्या जोडीने ‘वॉश अवे’ नावाचा द्रव निघाला, पॉली एस नावाखाली ‘ईझी लिफ्ट ऑफ’ आला. अशा द्रवांचा फायदा हा, की ते प्लॅस्टिक डोळ्यांपुढे ठेवून तयार केलेले असतात. बाटलीवरच्या सूचना अक्षरशः पाळाव्यात.

तिसरी पायरी आपल्या प्रत्येक घरात आहे, ती म्हणजे डेटॉल. त्यात क्लोरोझायलेनॉलबरोबर पाइन तेल, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि साबण असतो. ब्रिटिश छंदी ते पिढ्यान् पिढ्या वापरत आले आहेत. अमेरिकेत हीच जागा पाइन तेलाच्या फरशी-स्वच्छकांनी घेतली होती. डेटॉल पाणी न मिसळता घ्यायचे, वस्तू काही तास ते एक रात्र बुडवायची. इनॅमलवरही त्याचा परिणाम होतो. यात एक गोष्ट जिवापाड जपायची: बाहेर काढल्यावर लगेच पाण्याखाली धरायचे नाही. डेटॉलमध्ये पाणी पडताच ते दुधाळ होते आणि सुटलेल्या रंगाचा डांबरासारखा चिकट लगदा होऊन तो प्रत्येक खाचेत बसतो. आधी शुद्ध डेटॉलमध्येच ब्रश बुडवून सगळा रंग घासून काढायचा, मग साबण, आणि पाणी सर्वांत शेवटी.

चौथी पायरी तीव्र अल्कलीची: ओव्हन साफ करायचे फवारे आणि यंत्रांवरचे ग्रीस काढणारे स्वच्छक. यांत सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला कॉस्टिक सोडा असतो. इनॅमलमधल्या तेलाचा तो साबण करतो, म्हणून जिथे अल्कोहोल हरते तिथे तो जिंकतो. पॉलिस्टायरीनला तो काही करत नाही. पण कातडीला आणि डोळ्यांना भाजतो, अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताच्या ओतीव भागांना खातो. कॉस्टिकचे दाणे आणून घरी पाण्यात कालवू नयेत. ते पाण्यात पडताच पाणी उकळण्याइतके तापू शकते आणि अंगावर उडते.

शेवटची पायरी गॅरेजमधले ब्रेक ऑइल. डॉट ३ आणि डॉट ४ ही ग्लायकॉल इथरची ऑइले आहेत. गाडीच्या बॉनेटवर सांडली तर रंग उठतो हे प्रत्येक मेकॅनिक जाणतो. त्याच गुणासाठी जुने छंदी ती वापरतात. डॉट ५ मात्र सिलिकोनचे असते आणि या कामाला निरुपयोगी. त्याचा थर वस्तूवर राहिला तर नवा रंगही धरत नाही. ब्रेक ऑइलमध्ये फार काळ ठेवलेले काही प्लॅस्टिक ठिसूळ होते, म्हणून त्याकडे सगळे उपाय थकल्यावरच वळावे, आणि तेही दर तासाने पाहत.

कोरडा मार्गही आहे. सोडियम बायकार्बोनेटची, म्हणजे खाण्याच्या सोड्याची बारीक पूड हवेच्या दाबाने छोट्या नळीतून मारली, तर ती रंग झडवते आणि कमी दाब ठेवला तर प्लॅस्टिकला ओरखडा देत नाही. ही अवजारे महाग आणि धूळ भरपूर. बंद पेटी आणि चांगला मास्क असेल त्यानेच या वाटेला जावे.

बुडवण्यापूर्वी, बुडवल्यावर

डबा पूर्ण सुटा करावा. चाके आणि बोगी, जोडण्या, आतला वजनाचा पोलादी पट्टा, खिडक्यांच्या काचा, दिव्यांच्या तारा, सारे बाहेर. इमारतीवरच्या कागदी पाट्या भिजल्या की संपल्या, त्या आधी सोडवाव्यात किंवा त्यांचे छायाचित्र घ्यावे. सिमेंटने एकजीव झालेले सांधे अल्कोहोलमध्ये टिकतात. फेव्हिकॉलच्या जातीच्या पांढऱ्या गोंदाचे सांधे मात्र सैल होतात, आणि कधी कधी ते आपल्या पथ्यावरच पडते. सुटे भाग एका डबीत, डबीवर नाव. ही शिस्त नसेल तर रंग निघतो, पण डबा पुन्हा जुळत नाही.

मग साबणाच्या पाण्याने धुऊन वस्तू कोरडी करावी, म्हणजे वरचा तेलकटपणा द्रवाच्या आड येत नाही. भांडे काचेचे किंवा जाड पॉलिथिनचे, घट्ट झाकणाचे. चहाचे पारदर्शक प्लॅस्टिकचे पेले पॉलिस्टायरीनचेच असू शकतात, ते घेऊ नयेत. द्रव कवच बुडेल इतकाच.

पहिली तपासणी पंधरा मिनिटांनी. रंग सुरकुतला, फुगला, कडेने सुटू लागला, तर मऊ टूथब्रशने एकाच दिशेने घासावे. कोपऱ्यांसाठी लाकडी टूथपिक, धातूची सुई कधीच नाही. निघेल तेवढा रंग काढून पुन्हा बुडवावे. चार छोट्या बैठका एका लांब बैठकीपेक्षा बऱ्या, कारण प्रत्येक वेळी प्लॅस्टिक कसे वागते आहे ते दिसते. रंग एका जागी हलत नसेल तर ब्रशवर दाब वाढवू नये, द्रव बदलावा. द्रव बदलताना आधीचा पूर्ण धुऊन, सुकवून मगच दुसरा. आणि ब्लीच कशातही मिसळू नये. अल्कोहोलशी, अमोनियाशी किंवा आम्लाशी त्याचा संयोग झाला की विषारी वायू आणि द्रव्ये तयार होतात.

गरम पाणी वापरायचा मोह होतो. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ होते आणि बारीक भिंती त्याच्या बऱ्याच आधी वाकू लागतात. हाताला सोसवेल इतके कोमट, त्यापुढे नाही. प्रक्रिया झाल्यावर साबणाने धुऊन वस्तू दिवसभर सावलीत, हवेशीर सुकू द्यावी.

सगळे नीट करूनही काही खुणा राहतात. लाल रंगाचे काही कण फिकट प्लॅस्टिकमध्ये मुरलेले असतात, तो गुलाबी डाग जात नाही. जुन्या फ्लोक्विलने पाडलेल्या भेगा रंग निघाल्यावर उघड्या पडतात. त्या नव्या नसतात, आजवर झाकलेल्या असतात. साच्यातून घाईने काढलेल्या प्लॅस्टिकमध्ये ताण कोंडलेला असतो आणि अल्कोहोलच्या स्पर्शाने तिथे बारीक तडे जाऊ शकतात. कोपऱ्यांत, खिळे बसवायच्या भोकांभोवती असे तडे दिसू लागले तर वस्तू ताबडतोब बाहेर काढून धुवावी. त्या वस्तूवर राहिलेला रंग तसाच राहू द्यावा. नव्वद टक्के रंग निघालेला अखंड डबा, शंभर टक्के रंग निघालेल्या तडकलेल्या डब्यापेक्षा केव्हाही चांगला.

माणूस आधी

आतापर्यंत प्लॅस्टिकची काळजी झाली. काढणाऱ्याची काळजी त्याहून मोठी आहे, आणि छंदाच्या भरात तीच मागे पडते.

आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ १२ अंश सेल्सिअसलाच पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडच्या थंडीतल्या सकाळीसुद्धा. ती वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे वर उडून न जाता जमिनीलगत पसरते. दिवाळीच्या सुटीत हे काम काढणाऱ्याने हे नीट ध्यानात घ्यावे: पणती जमिनीवर असते. देवघरातली समई, उदबत्ती, गॅसची शेगडी, गीझर यांच्या खोलीत अल्कोहोलचे भांडे उघडू नये. खिडकी उघडी, पंख्याने हवा बाहेर जाणारी, आणि भांड्यावर झाकण. तापणाऱ्या अल्ट्रासॉनिक धुलाई-यंत्रात अल्कोहोल ओतणे म्हणजे आग मागून घेणे.

हातात नायट्राइलचे मोजे घालावेत. डोळ्यांवर बाजूने बंद असलेला चष्मा हवा. घासताना ब्रशचे केस उसळतात आणि थेंब नेमका डोळ्यात जातो. अल्कली वापरताना तर चष्म्याशिवाय भांड्याजवळही जाऊ नये. मुले बघायला येतात, त्यांना बघू द्यावे, पण हाताच्या अंतराबाहेर. वापरलेला द्रव कधीही सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरू नये.

जुन्या रंगात शिसे असू शकते. पिवळ्या आणि नारिंगी छटांसाठी लेड क्रोमेट हे रंगद्रव्य दीर्घकाळ वापरात होते. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंधन आले. भारतात घरगुती रंगांसाठी ९० पीपीएमची मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली आणि ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. प्रतिकृतीवरचा जुना रंग कोणत्या काळातला हे सांगता येत नसेल, तर तो शिशाचा आहे असेच धरून चालावे. पॉलिश पेपरने कोरडा घासू नये, कारण ती धूळ श्वासातून आत जाते आणि घरभर बसते. द्रवातून काढलेला रंग ओला राहतो आणि भांड्यातच राहतो. बुडवून काढण्याच्या पद्धतीचा हा मोठा गुण आहे.

डायक्लोरोमिथेनबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे. बंद खोलीत त्याने रंग काढणाऱ्या माणसांचे मृत्यू अमेरिकेत झाले आहेत. शरीरात त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण यंत्रणेने २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांना रंग काढण्यासाठी ते विकण्यावर बंदी घातली आणि २०२४ मध्ये ती बंदी इतर बहुतेक वापरांपर्यंत वाढवली. प्लॅस्टिकसाठी ते तसेही घातकच. छंदासाठी त्याची बाटली घरात आणण्याचे एकही कारण नाही.

काम संपल्यावर द्रव मोरीत ओतू नये. भांडे झाकून दोन दिवस ठेवले की रंगाचा गाळ तळाशी बसतो. वरचे अल्कोहोल कॉफीच्या गाळणकागदातून गाळून पुन्हा वापरता येते. गाळ घट्ट बांधून वेगळा ठेवावा. अमेरिकेत घरगुती घातक कचरा गोळा करण्याचे दिवस स्थानिक प्रशासन ठरवून देते. आपल्या २०१६ च्या घनकचरा नियमांनीही घरगुती घातक कचरा ही वेगळी वर्गवारी केली होती आणि रंगांचे डबे तिच्यात मोडत. ओल्या-सुक्या कचऱ्यात तो मिसळू नये, सफाई करणाऱ्या माणसाच्या हाती वेगळा आणि सांगून द्यावा.

नवा हात, पातळ हात

रंग उतरलेला डबा पहिल्यांदा पाहणे हा या छंदातला निखळ आनंद आहे. करड्या किंवा काळ्या प्लॅस्टिकवर प्रकाश तिरपा पाडला, की साचा कोरणाऱ्याने घडवलेली रिव्हेटची रांग, दाराची कडी, फळ्यांच्या खाचा सगळे एकदम उठून दिसते. त्यावर नवा रंग द्यायचा तो एअरब्रशने आणि पातळ. एअरब्रशचा एक हात साधारण ०.०२५ मिलिमीटरचा. खऱ्या डब्याच्या मापात तो दोन मिलिमीटरहून थोडा जास्त होतो. इतका थर तपशील झाकत नाही. अस्तर, रंग, अक्षरे, वरचे मंद वार्निश या प्रत्येक थराचा हिशेब ठेवला, तर पुढच्या पिढीतल्या कोणाला हा डबा पुन्हा बुडवावा लागणार नाही.

महाराष्ट्रात लघुरेल्वेचे वेड थोड्यांचे आहे, पण आहे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांना गाड्या, पूल, स्थानके दाखवते आहे. परदेशातून नातेवाइकांनी आणलेले डबे, जुन्या बाजारात सापडलेली इंजिने, माळ्यावरच्या खोक्यात विसरलेला संच अशा वाटांनी या वस्तू आपल्याकडेही येतात. अशी एखादी वस्तू रंगाने बुजलेली मिळाली, तर तिला थिनरच्या वाटीत टाकू नका आणि भंगारातही देऊ नका. आधी साबणाचे पाणी, मग कोपऱ्यात एक थेंब, मग सौम्य द्रव आणि थोडा धीर. ओळखू न येणाऱ्या प्लॅस्टिकपुढे थांबा, तड्यांपुढे थांबा, उघड्या ज्योतीपुढे तर सुरूच करू नका. एवढे पाळले तर एका बाटली अल्कोहोलच्या आणि एका जुन्या टूथब्रशच्या खर्चात सत्तर वर्षांचा डबा पुन्हा रुळावर येतो.